मामूंच्या नावापुढचा शब्द

शहादा, ११ डिसेंबर २०२५

लायबा,

सलाम. तुझा निरोप भाभीच्या फोनवरून मिळाला. ऑगस्टमध्ये तू मला ब्लॉक केलंस, त्यानंतरचा हा पहिलाच. सुरतच्या आमच्या कंपनीने अझहरभाईला जो हिशेब पाठवला त्यात तुझ्या अब्बांच्या, म्हणजे मामूंच्या, नावापुढे 'व्हेल' असं लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय, हा शब्द आला कुठून, तू तिथे कामाला होतीस तर तुला माहीत असेल, असं तू विचारलंस. खाली लिहिलंस, दारात येऊ नको, लिहून पाठव. म्हणून लिहून पाठवते आहे.

व्हेल म्हणजे देवमासा. पत्त्यांच्या ॲपवर जो गिऱ्हाईक इतरांपेक्षा फार जास्त पैसे टाकतो त्याला कंपनीच्या आत हे नाव होतं. फार म्हणजे किती, हे सांगायला हवं. आमच्याकडे महिन्याला पन्नास हजारांच्या वर. पण नुसती रक्कम पुरत नव्हती. जिंकलेले किंवा उरलेले पैसे जो परत बँकेत काढून घेत नाही, त्यालाच हा शिक्का. तो रकाना गिऱ्हाइकाने बघायचा नसतो. ऑगस्टमध्ये नवा कायदा आला, कंपनी दोन दिवसांत बंद पडली, मागे उरलेल्या कुणीतरी आतली यादी न तपासता जशीच्या तशी तुम्हाला पाठवून दिली.

एवढंच तू विचारलं होतंस. आता मी न विचारलेलं लिहिते. अम्मी सांगत होती, पंचवीस जानेवारीला नंदुरबारला तुझ्या निकाहात वली म्हणून, मुलीच्या बाजूने निकाह लावून द्यायला, मामू बसणार नाहीत, भाऊ म्हणून अझहरभाई बसेल. मामू घर सोडून खापरला राहतात, तिथे त्यांना निरोपही द्यायचा नाही. तू म्हणालीस म्हणे, "जुगाऱ्याच्या हातून माझा निकाह नको." लायबा, अजून दीड महिना आहे. एवढं पक्कं करू नको. का, ते मला आज नीट लिहिता येत नाही.

आफशीन

शहादा, १७ डिसेंबर २०२५

लायबा,

मागच्या पत्रात मी अर्धाच जवाब दिला. शब्द आला कुठून ते राहिलं. पत्र टपालात टाकून घरी येईपर्यंत लक्षात आलं आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तू म्हणशील, हिचं हे नेहमीचंच. लहानपणी मामूंनी पाटीवर गणित घातलं की मी उत्तर चार वेळा पुसायची आणि तू एकदाच लिहून खेळायला पळायचीस. माझ्या बापाने घर सोडताना माझे जन्माचे कागदही नेले म्हणून चौथीपर्यंत मला शाळेने घेतलं नाही. मामूंनी गादीच्या दुकानात, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसवून मला मराठी शिकवलं. तू शाळेतून येऊन तोच धडा परत माझ्यासोबत करायचीस. हे मी कशाला लिहितेय? तुला माहीतच आहे.

शब्दाचं सांगते. सुरतला पहिल्या आठवड्यात आमचा टीम लीडर निकुंजसर शिकवायला उभा राहिला. म्हणाला, "पूर्वी जहाजं समुद्रात जायची. बारीक मासे रोज मिळायचे, पण एक देवमासा मिळाला की त्याच्या तेलावर सगळ्या जहाजाचं वर्ष निघायचं. तुमचा पगार बारीक मासे देत नाहीत. देवमासा शोधा." सगळ्या मुली हसल्या. मीही हसले.

मी नंतर शोधलं, तर त्याचं सांगणं खरं की बनवलेलं ते नक्की कळलं नाही. जुगाराच्या बाहेरदेशी अड्ड्यांवरचा हा शब्द आहे. तिथे कच्च्या खेळाडूला मासा म्हणत. मग जो एका बैठकीत लाखो उधळतो तो साधा मासा कसा, तो देवमासा, असं कोणी सांगतं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कोणालाच ठाऊक नाही. त्याच्याआधी अशा माणसाला 'हाय रोलर' म्हणत, म्हणजे मोठ्या बोलीवर फासे टाकणारा. काही जण तेही फाशांवरून नाही, लाकूडतोड्यांच्या बोलीतून आलं म्हणतात. मला जेवढं मिळालं तेवढं लिहिलं.

आपल्याकडे अशा माणसाला उधळ्या म्हणतात. उधळ्या ही शिवी आहे. ती त्याच्या तोंडावर देता येते, तो चिडतो, घरी जाऊन विचार करतो. व्हेल ही शिवी नाही. ती त्याच्या पाठीमागे देतात आणि तोंडावर त्याला 'आमचे खास मेंबर' म्हणतात. कळसाडीकडचे एक योगेंद्रभाई होते, खताच्या दुकानाचे मालक. मुलींशी बोलताना रंगात यायचे. "काय करी ऱ्हायनी वं ताई? आज मन्हा हात चांगला शे, आज तुन्ही कंपनीले बुडावस." आम्ही फोन दाबून ठेवून हसायचो आणि रकान्यात त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाची तारीख लिहायचो, केक पाठवायला.

अझहरभाईच्या मनगटावर जे काळं घड्याळ आहे, मामूंनी ईदला दिलेलं, तेही कंपनीचंच. व्हेल झालेल्यांना पाठवतात.

आणखी एक. हा शिक्का मशीन लावत नाही. फोन करणारी मुलगी नाव सुचवते, टीम लीडर मंजूर करतो.

आफशीन

शहादा, २९ डिसेंबर २०२५

लायबा,

भाभीच्या फोनवर तुझा दुसरा निरोप आला. "अब्बांना फोन कोण करायची?"

आठ दिवस मी जवाब दिला नाही. अम्मीला सांगितलं, ताप आहे. खरंच थोडा होता, पण पत्र न लिहिण्याइतका नव्हता.

मामूंच्या फोनमध्ये 'मोहिनी' नावाने जे मेसेज आहेत ते तू पाहिले असशील. फोन करणाऱ्या सगळ्या मुलींना कंपनी नाव देते. मोहिनी मी होते.

तुला मी म्हणाले होते की मी तक्रारी ऐकते. पहिला दीड महिना खरंच ऐकल्या. मग मला अहिराणी येते हे निकुंजसरला कळलं आणि त्याने खानदेशची यादी माझ्याकडे दिली. "गाववाली बोली बोललीस की माणूस दार उघडतो," म्हणाला. त्या यादीत मामूंचा नंबर होता. माझी नोकरी लागल्यावर अम्मीने त्यांना ॲपचं नाव सांगितलं होतं. भाची काय काम करते ते बघायला त्यांनी ते फोनमध्ये घेतलं होतं, आणि आत जाण्यासाठी शंभर रुपये टाकले होते.

नियम असा की यादीत नात्यातलं कोणी निघालं तर नंबर परत करायचा. मी परत करणार होते. पण त्या दिवशी नव्या मुलींचे फोन निकुंजसर शेजारी बसून ऐकत होता. नंबर आपोआप लागत जातात. लागला. "नमस्कार, मी मोहिनी बोलतेय." पलीकडून कापूस पिंजायच्या मशीनचा आवाज तेवढा. मग मामू म्हणाले, "जी. बोला."

मी कागदावरचं सगळं वाचलं. पाच हजार टाकले तर काय मिळेल, दहा टाकले तर काय. मामूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यानं तुमचं काम होईल का, बेटा?"

बेटा म्हणाले, लायबा. निकुंजसरने मला अंगठा दाखवला, म्हणजे छान चाललंय. मी म्हणाले, "हो जी, होईल."

त्यांनी त्याच दुपारी पाच हजार टाकले.

सहाव्या महिन्यात त्यांच्या नावापुढे तो शब्द मी सुचवला. मी सुचवला नसता तर दुसऱ्या मुलीने त्यांना उचललं असतं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. त्या महिन्यात माझं टार्गेट अडलं होतं.

आफशीन

शहादा, ६ जानेवारी २०२६

लायबा,

तुझा काही निरोप नाही. मला तो अपेक्षितही नव्हता. पण निकाहाला एकोणीस दिवस उरलेत आणि मी मुख्य गोष्ट अजून लिहिलेली नाही. आज लिहून लगेच टपालात टाकणार, परत वाचणार नाही.

कंपनीच्या त्याच कागदावर शेवटी 'ड्रॉप' असा एक रकाना आहे. तो बघ. रमीत पत्ते हातात आले की खेळायचं की नाही ते ठरवता येतं. नसेल खेळायचं तर पत्ते खाली ठेवायचे, ठरलेला दंड कापला जातो आणि डाव तुमच्यापुरता संपतो. चांगला खेळाडू दहातले दोन-तीन डाव असे सोडतो. मामूंच्या नावापुढे शंभरातले शंभर आहेत. चौदा महिन्यांत त्यांनी एकही डाव खेळलेला नाही. टेबलावर बसायचं, पत्ते आले की खाली ठेवायचे, दंड कापून घ्यायचा. परत बसायचं.

ते खेळतच नव्हते, लायबा. ते माझं टार्गेट भरत होते.

प्रत्येक महिन्याच्या पंचवीस-सव्वीस तारखेला मी फोन केला की ते एकच विचारायचे, "या महिन्यात तुमचं किती बाकी आहे?" आणि मी आकडा सांगायची. मला सांगितलं गेलं होतं की आकडा गिऱ्हाइकाला कधी सांगायचा नाही. मी फक्त त्यांना सांगायची. म्हणजे मला माहीत होतं. त्यांनी मला ओळखलंय हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना. मधल्या ईदला मी घरी आले तेव्हा तू शीरखुर्मा वाढत होतीस आणि मामू मला म्हणाले, "कसं चाललंय काम?" मी म्हणाले, "बरं चाललंय, मामू." तू म्हणालीस, "आपा तर मोठी अफसर झाली, आता सलाम पण अपॉइंटमेंट घेऊन करावा लागेल." तिघंही हसलो.

त्यांनी का केलं ते तुला कळेल. मी एकटी सुरतला जाणार म्हटल्यावर सगळं खानदान उलटलं होतं. मामू एकटे उभे राहिले. "पोरीची जिम्मेदारी माझी. ती हात हलवत परत आली तर मला बोला." मी तशी परत येऊ नये म्हणून त्यांनी हजचे पैसे टाकले. ते संपल्यावर तुझ्या बी.एड.साठी आणि लग्नासाठी ठेवलेले. मशीन विकलं तेही. जुलैत अझहरभाईने पासबुक पाहून विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "खेळलो." पुढे एक शब्द नाही. तुम्ही बोललात, त्यांनी ऐकलं आणि कपड्यांची पिशवी घेऊन खापरला निघून गेले.

मी तेव्हा सुरतला होते. मला सगळं कळलं होतं. तरी मी बोलले नाही.

तुझे अब्बा जुगारी नाहीत. त्यांना बोलव. तुझ्या निकाहात त्यांना त्यांच्या जागी बसव. जो गुन्हा आहे तो माझा आहे, मला जी सजा द्यायची ती दे.

आफशीन

शहादा, १२ जानेवारी २०२६

लायबा,

सहा तारखेचं पत्र तू अजून उघडलं नसशील तर उघडू नको. हे मी किती मूर्खपणाचं लिहितेय ते मला कळतंय.

परवा मी खापरला गेले. तळोद्याला गाडी बदलून, अक्कलकुव्याच्या पुढे. तुला खरं लिहून टाकलंय हे मामूंना सांगायला गेले होते. मला वाटलं होतं, त्यांच्यावरचं ओझं उतरेल.

मुख्य रस्त्याला एका माणसाच्या गादीच्या दुकानात ते मजुरीवर आहेत. मशीन नाही, हाताचं पिंजण. गुजरातकडून येणारे ट्रक दारावरून जातात, त्या धुळीत बसून ते जुन्या गाद्यांचा कापूस फोडत होते. भुवया पांढऱ्या झालेल्या, कापसाने की वयाने ते कळेना. मला बघून पिंजण खाली ठेवलं आणि "जेवलीस?" विचारलं.

शेजारी रेवाबाई म्हणून चहावाली आहे. ती मोठ्याने म्हणाली, "चाचा, ही तुन्ही भाची शे का? तुन्हासारखीच गप बठी ऱ्हायनी. तुमना घरमा बोलानं पैसा पडतंस का?" मामू हसले. त्या ईदनंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

चहा झाल्यावर मी सांगितलं. शब्दाचा अर्थ, मोहिनी, ड्रॉपचा रकाना, सगळं तुला लिहिलंय म्हणून. मामू ऐकत राहिले. मग म्हणाले, "लायबानं वाचलं?"

"पोचलं असेल. माहीत नाही."

ते कितीतरी वेळ कापूस बोटांनी सुटा करत बसले. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण यातला एकही शब्द मला बदलायचा नाही.

"बाप जुगारी निघाला, हे तिला पचलं होतं. जुगार कुणालाही लागतो. रडली, चिडली, मला बाहेर काढलं, लग्नाला उभी राहिली. आता तू तिला काय सांगितलंस? की बापानं तिचे पैसे तिच्या आपासाठी टाकले. समजून-उमजून. चौदा महिने. तिच्या शिक्षणाचे, तिच्या लग्नाचे. जुगारी बाप तिला परवडत होता, आफशीन. तिच्यापेक्षा भाचीला वर धरणारा बाप तिला परवडेल का?"

मी म्हणाले, "पण ते खरं आहे ना, मामू?"

"खरं आहे म्हणून तर सांगायचं नव्हतं."

मी रडायला लागले तेव्हा रेवाबाई पाणी घेऊन आली. "पी ले माय, पी ले. चाचा, काय बोलना तू पोरले?" मामू तिला म्हणाले, "काही नही, गणित चुकनं तिन्हं."

अजून एक आहे आणि ते लिहिलं नाही तर मी पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मामू म्हणाले, "मला पीर बनवू नको. पहिले सहा-सात महिने तुझ्यासाठी. पुढं पुढं तुझा फोन नसला तरी मी उघडून बसायचो. पत्ते यायचे, खाली ठेवायचो. जिंकणं हराम, हरणं हराम नाही, असं मनाला समजावलं होतं. शेवटी शेवटी ते पत्ते खाली ठेवल्याशिवाय हात थांबायचा नाही." म्हणजे तू त्यांना जुगारी म्हणालीस ते पूर्ण खोटं नाही, आणि मी सहा तारखेला 'जुगारी नाहीत' लिहिलं ते पूर्ण खरं नाही.

निघताना मी त्यांना म्हणाले, लायबाने बोलावलं तर याल ना? ते म्हणाले, "तिनं बोलावलं तर जावंच लागेल. आता नाही गेलो तर ती म्हणेल, भाचीसाठी सगळं केलं, माझ्यासाठी नंदुरबारपर्यंतही आला नाही."

लायबा, मला कळत नाही मी तुझ्याकडे काय मागू. बोलव म्हणू की नको म्हणू. मला वाटत होतं खरं बोललं की गोष्ट सरळ होते. मला तेच शिकवलं होतं त्यांनी.

आफशीन

शहादा, २ फेब्रुवारी २०२६

लायबा,

निकाह मुबारक. हे लिहायचा मला हक्क नाही, पण न लिहिता पुढे कसं जायचं ते कळलं नाही.

मी दिवसभर इथे घरात होते. तू बोलावलंस ते मामूंना आणि अम्मीला, मला नाही, आणि तसंच योग्य होतं. अम्मीने परत आल्यावर सांगितलं. मी दोनदा विचारून घेतलं, की तिच्याकडून काही गळू नये.

तू स्वतः अझहरभाईला खापरला पाठवलंस. मामूंना नवा सफेद कुर्ता शिवून ठेवला होतास. काझीसाहेबांसमोर वली म्हणून मामूच बसले, त्यांनी तुझं नाव घेतलं, सही केली. मी जे मागितलं होतं ते सगळं झालं. लोक म्हणाले, बघा, पोरीने बापाला माफ केलं. अम्मी म्हणाली, मलाही तसंच वाटलं.

मग निरोपाच्या वेळी मामूंनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तू हात बाजूला केला नाहीस. हळू आवाजात, शेजारी उभ्या अम्मीला ऐकू जाईल एवढ्याच, म्हणालीस, "अब्बा, माझं झालं. आता आपाच्या लग्नाला बसा. तिकडेच राहा."

तू रडत नव्हतीस, असं अम्मी म्हणाली. मामूंनी "बरं, बेटा" म्हटलं.

मला त्या वाक्यावर काही बोलायचं नाही. तू त्यांना न बोलावता घरात बसून चिडली असतीस तर कधीतरी चिडणं संपलं असतं. मी तुला चिडण्याजोगं काही ठेवलंच नाही. मामूंचा गुन्हा काढून घेतला आणि त्याच्या जागी ते दिलं जे कोणी माफही करू शकत नाही, कारण तो गुन्हाच नाही.

लग्नाचे चार दिवस ते खापरला नव्हते तेव्हा त्या दुकानदाराने दुसरा माणूस ठेवला. अम्मी त्यांना सरळ इथे घेऊन आली. आठ दिवस झाले, ते आमच्याकडे आहेत. सकाळी ओट्यावर बसतात. अम्मी शिलाई करते, ते दोरा ओवून देतात. गल्लीतले विचारतात, "चाचा, किती दिवस?" ते म्हणतात, "बघू." तू तिकडेच राहा म्हणालीस, म्हणून ते राहिलेत. माझ्याशी चांगले बोलतात. जेवलीस का विचारतात, परत काम शोध म्हणतात, अर्ज मी तपासून देतो म्हणतात. एकदाही रागावले नाहीत. मी समोरून गेले की जागा देतात, जणू घर माझं आहे आणि ते पाहुणे.

काल अम्मीने विचारलं, लायबाला फोन लावू का. ते म्हणाले, "नको. ती नव्या घरी आहे. माझ्याबद्दल विचारलं तिथल्या लोकांनी तर ती काय सांगेल?"

लायबा, मी त्यांना मागितलं नव्हतं. मी नोकरी मागितली होती, आणि दर महिन्याला थोडे थोडे करत ते सगळेच माझ्याकडे आले. मला ते ठेवता येत नाहीत.

शुक्रवारी दुपारी मी अम्मीला घेऊन दोंडाईच्याला फुलवंताबाईंकडे शिलाईचं सामान आणायला जाणार आहे. संध्याकाळपर्यंत घरी कोणी नसेल. ते एकटे असतील. चावी खिडकीत ठेवून जाईन, पण त्यांना लागणार नाही, ते ओट्यावरच असतात.

ये आणि त्यांना घेऊन जा.

आफशीन